अंगणातलं छप्पर

वादळ आलं तेव्हा लख्खआजी अंगण झाडत होती. वारा समोरून पाचोळा आणतोय आणि ही तो परत वाऱ्याच्याच तोंडावर ढकलतेय, असं बराच वेळ चाललं. शेवटी मुलाने दंडाला धरून तिला आत ओढलं. ती आत आली आणि मागच्या बाजूची कौलं सुटायला लागली. आधी एकेक, मग कुणी सुपाने पाखडावीत तशी. मग छपराच्या मधोमध जाणारं ते जुनं, जाडजूड आढं कडाडलं आणि स्वयंपाकघर व मधली खोली उघडी पडली. पुढची ओसरी तेवढी शाबूत राहिली.

"माझा झाडू बाहेरच राहिला," आजी म्हणाली.

या वस्तीला धड गाव म्हणता येत नाही आणि धड शहरही. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला बंगल्यांची सोसायटी. सकाळी गवळ्याच्या गाई आणि सोसायटीतल्या मोटारी एकाच बोळात समोरासमोर येतात, आणि बहुतेक वेळा मोटारींनाच मागे जावं लागतं. मध्ये हे घर. शेतातली मोटर बंद पडो नाहीतर बंगल्याच्या टाकीत पाणी न चढो, हाक या घरच्या पंपवाल्याला. तो ओसरीत बसून पंप खोलतो. त्याच्या आईला सगळे लख्खआजी म्हणतात, कारण तिच्या अंगणात सुई पडली तरी उभ्याने दिसते. बायको रोपवाली. घरामागच्या पट्टीत, विहिरीच्या कडेने, तिने तेलाचे रिकामे डबे मांडून रोपं करायला घेतली होती. आता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. शेतकरी फळझाडं न्यायचे, बंगलेवाले फुलझाडं.

घराचा विमा हे तिचंच खूळ. बँकेतल्या बाईंनी समजावलं आणि हिला पटलं. दरवर्षी रोपांच्या पैशातून हप्ता भरायची आणि दरवर्षी आजी म्हणायची, "घर पडेल म्हणून आधीच पैसे भरायचे? अगं, अशाने पडेलच ते!" पंपवाला कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. दोघींची जुंपली की त्याला एखादा पंप आठवायचा.

वादळाच्या दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी आला तो सोसायटीचा सेक्रेटरी. नोकरीतून मोकळा झालेला माणूस, पट्ट्याला कायम मोजायची टेप अडकवलेली. घराकडे पाहून त्याने खरंच हळहळ व्यक्त केली. मग म्हणाला, "छप्पर घालायला जे काय लागेल ते सोसायटी देईल. फक्त मागची पट्टी आम्हाला द्या. गाड्या लावायला जागाच नाही हो."

हे तो आधीही म्हणाला होता, पण तेव्हा पंपवाला हसून टाळायचा. आज हसला नाही.

"विम्याचं काय होतंय बघू," तो बायकोला म्हणाला. "नाही जमलं तर देऊन टाकू पट्टी. पावसाच्या आत डोक्यावर छप्पर तर हवं ना?"

त्यात चूक काही नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

विम्याचं ऑफिस उघडताच तिने फोन लावला. पलीकडचा आवाज म्हणाला, फोटो काढून ठेवा, आमचा माणूस पाहणीला येईल, तोवर काहीही हलवू नका. ती फोन घेऊन अंगणात आली. मदतीला आलेली सगळी वस्ती तिथे जमली होती. फोटो म्हटल्यावर आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना दारासमोर नीट उभं केलं. उंच मागे, बुटके पुढे. गवळी हातातलं वासरू घेऊनच उभा राहिला. मागचं काही दिसेना म्हणून रोपवाली बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत राहिली, आणि ती माणसं एकमेकांना आणखी चिकटत राहिली. तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तसा तिने जमला तो एक फोटो काढून टाकला.

फळबागवाल्याची मोठी ऑर्डर होती. रोपं मुळांना फडकी बांधून कालच तयार होती. आज निघाली नसती तर डब्याबाहेर सुकून गेली असती, आणि दोन दिवस तिथे राहून बागेत ती लावून द्यायचंही तिनेच कबूल केलं होतं. टेम्पोत चढता चढता तिने सासूला बजावलं, "आई, विम्याचे साहेब येणार आहेत घर बघायला. त्यांनी सांगितलंय, काही म्हणजे काही हलवू नका." नवऱ्यालाही सांगितलं. त्याच्या दातांत पाना होता, त्याने मान हलवली.

टेम्पो वळणाआड गेला आणि आजीने कमरेला पदर खोचला.

"आई, ती म्हणाली होती की..." पंपवाला म्हणाला.

"ऐकलं मी. पाहुणा म्हणतोच रे, आमच्यासाठी काही करू नका म्हणून. म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचं? परका माणूस पहिल्यांदा घरी येतोय, त्याला या ढिगाऱ्यात बसवू?"

खरं सांगायचं तर पंपवाल्यालाही ते पटलं.

मग जे काम झालं त्याला तोड नाही. बायकांनी रांग धरली आणि फुटकी कौलं हातोहात बाहेर जायला लागली. हातांना ओरखडे आले, नखांत लाल भुकटी भरली, डोळ्यांत धूळ गेली तरी रांग तुटली नाही. पुरुषांनी वासे ओढून काढले. पंपवाल्याने शेजाऱ्यांची ताडपत्री आणून भिंतींवर अशी ताणून बांधली की टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजावी. फुटकी वस्तू घरात ठेवायची नाही हा आजीचा नियम. तेव्हा ज्याला जे हवं ते त्याने न्यावं, असं तिने जाहीर केलं. कौलांनी बोळातला चिखलाचा खड्डा बुजला. वासे गवळ्याने नेले. आढ्याचा लांब तुकडा सेक्रेटरीला आवडला, तो त्याने दोन गड्यांकरवी उचलून नेला. दुसऱ्या दिवशी आजीने स्वतः भिंतींना चुना लावला. भिंतीत अडकून राहिलेलं आढ्याचं टोक वाईट दिसत होतं, त्यालाही लावला.

रोपवाली परतली ती घर ओलांडून पुढेच जायची. पांढऱ्या भिंती, निळी ताडपत्री, आणि अंगण असं झाडलेलं की त्यावर पाय टाकायला मन होईना.

"बघ," दारात उभी राहून आजी म्हणाली. "आहे का कुठे काही?"

कुठेच काही नव्हतं. ती पायरीवर बसली. "आई, हे काय करून बसलात तुम्ही?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. ओरडायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासूच्या बोटांची चुन्याने सालं निघाली होती आणि ती पदराआड लपवत होती. ते पाहिल्यावर ओरडता येईना, आणि ओरडता येत नाही याचाच तिला आणखी राग आला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो एका पंपाच्या पोटात डोकं घालून बसला होता.

पाहणीवाला आला तो लंगडतच. तरुण पोरगा, पायात कोरे बूट, आणि दोन्ही टाचा सोललेल्या. दारातली स्वच्छ फरशी पाहून त्याने बूट बाहेर काढले आणि फाटका मोजा दिसू नये म्हणून एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभा राहिला. आजीने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला. त्याने तो संपवला, पेन काढलं आणि म्हणाला, "आता नुकसान दाखवा."

"नुकसान राहू दिलंच नाही मी," आजी अभिमानाने म्हणाली.

त्याने रोपवालीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

"फोटो तरी काढलात?"

तिने फोन पुढे केला. त्याने चित्र मोठं केलं, लहान केलं, आडवं करून पाहिलं. वीसेक माणसं आणि एक वासरू.

"यात छप्पर कुठाय?"

"उडालं ना साहेब!" पंपवाला ओसरीतून म्हणाला.

पोराने कपाळावरचा घाम पुसला. तो वाईट नव्हता, चिडलाही नाही. "हे बघा, ताडपत्री मला दिसतेय. पण तिच्याखाली आधी काय होतं आणि ते कशाने गेलं, हे मी कशावरून लिहू? उद्या माझे साहेब म्हणतील, यांनी जुनं छप्पर स्वतःच उतरवलं. मला लिहावं लागेल की नुकसान आढळलं नाही."

"म्हणजे काहीच मिळणार नाही?" रोपवालीने विचारलं.

"नाही."

मागच्या पट्टीत रोपांवर ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. आजी एकदा मुलाकडे बघे, एकदा सुनेकडे. मग तिला उमगलं, आणि तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. चार माणसांच्या देखत आपल्या हाताने आपण सुनेची पट्टी घालवली, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"हलवू नका म्हणालात ते खरंच म्हणालात होय?" तिने पोराला विचारलं. "मला वाटलं, पाहुणे म्हणतात तसं."

तो पेनाचं टोपण लावायला लागला.

"थांबा," आजी उठली. "छप्पर कुठे गेलंय ते मला ठाऊक आहे. मीच वाटलंय. चला माझ्याबरोबर."

त्याचे बूट काही पायात जाईनात. पंपवाल्याने आपल्या चपला दिल्या, त्या दोन बोटं मोठ्या होत्या. अशी ती वरात निघाली. पुढे आजी, मागे फटफट चपला वाजवत पाहणीवाला, त्यामागे नवराबायको.

बोळात आजी थांबली. "तुमची स्कूटर ज्याच्यावरून आली ना, ते आमचं स्वयंपाकघर."

पोर खाली बसलं. चिखलात दाबलेली कौलं त्याने बोटाने उकरून पाहिली. बऱ्याच तुकड्यांवर चुलीच्या धुराची जुनी काजळी होती. त्याने काहीतरी लिहिलं.

गवळ्याकडे वासे वासरांच्या गोठ्याला खांब म्हणून लागले होते. आजी दारात उभी राहिली. जन्मभर तिने दिलं होतं, दिलेलं परत कधी मागितलं नव्हतं. मान खाली घालून ती म्हणाली, "परवा नेलेलं लाकूड... थोडा वेळ हवं होतं रे."

"अहो मावशी, तुमचंच आहे की!" गवळी म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे एक खांब उपसला. गोठा एका अंगाला कलला, वासरू सुटून बोळात पळालं, आणि गवळ्याची बायको आतून नवऱ्याच्या नावाने शंख करायला लागली. मावशीसाठी गेलं तर गेलं, असं म्हणत त्याने उरलेले दोनही काढून खांद्यावर घेतले.

बघता बघता वस्तीला बातमी लागली. कुणी टोपलीत कौलं आणायला लागलं, कुणी कौलांखालच्या लाकडी पट्ट्या. कोंबड्यांच्या खुराड्यावरून, न्हाणीच्या आडोशावरून, परसातल्या वाफ्यांच्या कडेवरून छप्पर निघायला लागलं आणि चालत चालत अंगणात यायला लागलं. रोपवालीच्या छातीतलं ओझं जरा हललं. पण पाहणीवाला म्हणाला, "हे सगळं ठीक आहे. पण वासे कुणाच्याही घरचे असू शकतात. मुख्य आढं कुठाय?"

आजीने सोसायटीच्या फाटकाकडे पाहिलं.

सेक्रेटरीच्या बागेत ते आढं दोन दगडांवर बाक होऊन बसलं होतं. वरचा भाग रंधा फिरवून, वॉर्निश मारून चकचकीत केलेला. फक्त मोडलेलं टोक त्याने शोभेसाठी तसंच ठेवलं होतं, पंज्यासारखं फाकलेलं. तो स्वतः त्यावर बसून पेपर वाचत होता.

"हे लाकूड कुठलं?" पाहणीवाल्याने विचारलं.

सेक्रेटरी उभा राहिला. त्याने पोराच्या हातातलं पेन पाहिलं, आजीला पाहिलं, तिच्यामागची सून पाहिली. तो काही बुद्दू नव्हता. वखारीतून आणलं, एवढं म्हटलं की पट्टी सोसायटीची झाली. खोटं ठरवायला कुणाकडे काही नव्हतं. त्याचा हात नकळत कमरेच्या टेपवर गेला. रोपवालीला तो हात दिसला.

"दिलेलं लाकूड मी परत मागत नाही," आजी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेलेला सुनेने कधी ऐकला नव्हता. "ते तुमचंच. फक्त थोडे दिवस आमच्या अंगणात ठेवू द्या. माझ्या हातून चूक झाली."

तेवढ्यात सेक्रेटरीची बायको ओले हात पुसत बाहेर आली. तिने बाकाचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "अहो, बघता काय? धरा ना तिकडून. मला एकटीला उचलणार आहे का हे?"

त्याने एक सुस्कारा सोडला आणि वाकला. वाकल्यावाकल्याच पाहणीवाल्याला म्हणाला, "यांच्याच छपराचं आहे. वादळानंतर मी स्वतः यांच्या दारातून आणलं. लिहा तसं. सही देतो."

अंगणात सगळं मांडलं. मधोमध आढं, दोन्ही बाजूंना वासे, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि जमतील तितकी कौलं. पोरं त्याभोवती नाचायला लागली, मोठी माणसं मात्र उगाच हळू बोलत होती. पाहणीवाल्याने भिंतीत राहिलेल्या टोकावरचा चुना किल्लीने खरवडला. पंपवाल्याने आणि गवळ्याने आढं शिडीवरून वर धरलं. फाकलेलं लाकूड फाकलेल्या लाकडात बोटांत बोटं गुंतावीत तसं गेलं. पोराने आपल्या फोनवर फोटो काढला, आणि या वेळी आजीने सगळ्यांना दामटून फोटोच्या बाहेर काढलं.

"घरात काही धंदा चालतो?" त्याने शेवटचं विचारलं.

पंपवाला चुळबुळला. बायकोने सरळ सांगितलं, "ओसरीत हे पंप दुरुस्त करतात."

"मग ओसरी विम्यात धरता येणार नाही."

"नका धरू. ओसरीचं एक कौलसुद्धा हललं नाही."

पोरगा पहिल्यांदा हसला. "मी शिफारस करतो. शेवटचा निर्णय वरून येईल, कदाचित दुसरं कुणी बघायलाही येईल. तोवर काही हलवू नका." मग आजीकडे वळून म्हणाला, "आजी, हे मी पाहुणा म्हणून म्हणत नाहीये."

ते दिवस आजीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. तिने झाडू खुंटीला अडकवला आणि अंगणात स्टूल टाकून ढिगाऱ्यावर पहारा ठेवला. पाचोळा साचला, कोंबड्यांनी उकिरडा केला, चुकार पावसाने चिखल झाला. ताडपत्रीतून गळायचं तिथे भांडी मांडून सगळे झोपायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "लख्खआजी, अंगण कुठे गेलं?" ती ओठ आवळून बसायची. हातांना सवय होती, ते मांडीवर गप्प राहायचे नाहीत. एकदा एक पोरगं खेळायला कौलाचा तुकडा घेऊन पळालं, तर या वयात ती त्याच्यामागे बोळाच्या टोकापर्यंत धावली आणि तुकडा आणून होता तिथेच ठेवला. रोपवाली रोपांना पाणी घालता घालता हे पाहत होती. तिचा राग कधी गेला, तिचं तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी यायचा. बाक त्याचा, तो यांच्या अंगणात पडलेला, मग बसायचं कुठे? त्या ढिगाऱ्यात आढ्यावर बसून तो पेपर वाचायचा. बसल्या बसल्या रोपं बघायचा. एक दिवस त्याने विचारलं, कुंपणाला लावायला काय चांगलं? मग दुसऱ्याच दिवशी दहा रोपं घेऊन गेला. पट्टीचा विषय त्याने काढला नाही, आणि कुणी त्याला आठवणही करून दिली नाही. गाड्या आता तो फाटकासमोर तिरप्या लावायला लावतो.

पैसे मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा रोपवालीचे हात कोपरापर्यंत मातीत होते. तिने फोन खांद्याने कानाशी धरला, हो हो म्हणाली, आणि तिथेच डब्यांच्या मध्ये बसून रडली. नवरा धावत आला. काय झालं, काय झालं, विचारत राहिला. पट्टी राहिली, एवढंच तिला सांगता आलं. तो तिच्याशेजारी मातीत बसला. "मी उगाच घाई केली द्यायची," तो म्हणाला. या वेळी त्याला कुठलाच पंप आठवला नाही.

सुतार आले, नवं आढं चढलं, नवी कौलं बसली. मोठा पाऊस लागायला थोडाच अवकाश होता. शेवटचं कौल बसवून सुतार शिडी घेऊन गेले. गवळी वासे घेऊन गेला, सेक्रेटरी नवराबायको बाक घेऊन गेली. अंगणात फक्त चुरा, भुस्सा आणि कित्येक दिवसांचा पाचोळा उरला.

रोपवाली स्वयंपाकघरात नव्या छपराकडे मान वर करून बघत होती. कौलांतून कुठूनही उजेड येत नव्हता. मागे चाहूल लागली म्हणून ती वळली. दारात आजी उभी होती. हातात झाडू, पण जमिनीला न टेकवता वर धरलेला. या घरात चाळीस वर्षं तिने कुणाला काही विचारलं नव्हतं, हुकूमच सोडले होते.

"आता झाडू का गं?" तिने विचारलं.

"थांबा आई," सून म्हणाली, आणि दारामागचा दुसरा झाडू घेऊन सासूच्या पाठोपाठ अंगणात उतरली.